तारेच्या अलीकडे-पलीकडे: सीमेवरची गावं, बीएसएफचे ५० किलोमीटर आणि एनडीपीएस कायदा

माळरान

बँकेच्या नोकरीनिमित्त मी काही वर्षं पंजाबातल्या फाजिल्का जिल्ह्यात होतो. पीककर्जाच्या तपासणीसाठी सीमेलगतच्या गावांत सतत जाणं व्हायचं. आपल्याकडे अमली पदार्थांची मोठी बातमी आली की चर्चा ‘भर चौकात फाशी द्या’ आणि ‘सगळे पोलीसच सामील असतात’ या दोन टोकांवर जाऊन थांबते. त्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसांचं या सगळ्यात काय होतं, यावर मराठीत फार कमी वाचायला मिळतं. म्हणून हा धागा काढतोय.

पंजाबची पाकिस्तानला लागून सुमारे ५५० कि.मी. सीमा आहे. दहशतवादाच्या काळात, १९८० च्या दशकाच्या शेवटी, तिथे काटेरी तारेचं कुंपण घालायला सुरुवात झाली आणि पुढच्या पाचेक वर्षांत ते पुरं झालं. हे कुंपण सीमारेषेवर नाही, आपल्याच हद्दीत आत आहे. साधारण दीडशे यार्ड आत असं धोरण, पण नद्या-नाल्यांच्या वळणांमुळे कित्येक ठिकाणी ते त्याहून खूप आत सरकलंय. परिणामी सुमारे २१ हजार एकर शेतजमीन तारेच्या पलीकडे पडली. जमीन भारताची, मालक भारतीय, महसूल दफ्तरी नोंद चोख. पण स्वतःच्या शेतात जायचं तर बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) फाटकावर ओळखपत्र दाखवायचं, अंगझडती द्यायची, ट्रॅक्टर तपासून घ्यायचा, आणि जवानाच्या नजरेखाली काम उरकून संध्याकाळच्या आत परतायचं. फाटक ठरलेल्या वेळेतच उघडतं. दाट धुकं पडलं तर तेही नाही. रात्रीची वीज आली म्हणून पाणी द्यायला जावं, तर तो मार्गच बंद. ऊस, कापूस, मका ही पिकं घेता येत नाहीत, कारण उंच पिकात माणूस लपू शकतो. राहिलं गहू आणि भात. मजूर तिकडे यायला नाखूश, आले तर जास्त मजुरी मागतात. कर्ज देताना आम्हीही त्या जमिनीचं मोल कमी धरायचो, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला ते सांगताना मला फार जड जायचं. भरपाई म्हणून एकरी वर्षाला १०,००० रुपये ठरले आहेत. ते वेळेवर मिळावेत म्हणूनही लोकांना आंदोलनं करावी लागली आहेत.

हे झालं सुरक्षेचं. त्यावर आता अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, बसलाय.

हेरॉइन (तिकडे ‘चिट्टा’ म्हणतात) पूर्वी तारेवरून फेकलं जायचं, तारेतून पाइप घालून सरकवलं जायचं, सतलजच्या पाण्यातून सोडलं जायचं. २०१९ नंतर ड्रोन आले. अर्धा किलोचं पाकीट रात्री कुणाच्याही शेतात पडतं. सकाळी ते पोलिसांना सापडलं की पहिली चौकशी शेतमालकाची. एनडीपीएस कायद्यात कलम ३५ आणि ५४ अशी दोन कलमं आहेत. माल ताब्यात होता एवढं एकदा सिद्ध झालं की तो जाणूनबुजून बाळगला होता हे न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. शेतात पाकीट पडणं म्हणजे ताबा होत नाही, हे वकील न्यायालयात दाखवू शकतो. पण तिथपर्यंत पोचेतो माणसाचा एक हंगाम गेलेला असतो आणि गावात नाव व्हायचं ते झालेलं असतं.

११ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने अधिसूचना काढून पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये बीएसएफच्या झडती, जप्ती आणि अटकेच्या अधिकाराचं क्षेत्र सीमेपासून १५ कि.मी.वरून ५० कि.मी. केलं. गुजरातमध्ये ते ८० वरून ५० वर आणलं, राजस्थानात ५० च होतं. पंजाब आणि बंगालच्या विधानसभांनी विरोधात ठराव केले, पंजाब सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाद झाला तो केंद्राच्या आणि राज्याच्या अधिकारांचा. ५० कि.मी. म्हणजे अख्खं अमृतसर शहर आत आलं, तिथल्या माणसाच्या दारावर आता दोन वेगवेगळे गणवेश येऊ शकतात, तक्रार कुठे करायची हे त्याला कोण सांगणार, यावर मला कुठे फार बोललेलं दिसलं नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरावर डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) जवळजवळ ३,००० किलो हेरॉइन पकडलं. ते अफगाणिस्तानातून इराणमार्गे, टाल्क पावडर म्हणून, रीतसर कागदपत्रांसह कंटेनरमधून आलं होतं. जून २०१९ मध्ये अटारीच्या अधिकृत तपासनाक्यावर सैंधव मिठाच्या गोण्यांतून ५३२ किलो सापडलं. म्हणजे पकडला गेलेला सर्वात मोठा माल आला तो बंदरातून आणि अधिकृत फाटकातून, आयातदाराच्या परवान्यावर. आणि रोज अंगझडती कुणाची होते, तर विळा घेऊन गहू कापायला जाणाऱ्याची.

सीमा राखायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी त्या गावांत राहिलोय, तिथल्या आयांनी मुलं गमावलेली पाहिली आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की आपला कायदा ग्रॅम मोजतो आणि किलोमीटर मोजतो, पण साखळीत तो माणूस कुठे उभा आहे हे मोजत नाही. त्याची किंमत सीमेवरचे लोक भरतात, आणि त्यांचाच विश्वास गमावल्यावर सीमा राखणंही अवघड होतं.

किनारपट्टीवरचे, ईशान्येत राहिलेले, सातपुड्यातले लोक इथे आहेत. तुमच्याकडे काय दिसतं, ते लिहा.

रणशिंग

तळमळ पोचली, पण मला काही गोष्टी पटत नाहीत. ड्रोन फक्त चिट्टा आणत नाहीत, त्याच ड्रोनमधून पिस्तुलं आणि स्फोटकंही आलेली आहेत. २०२४ मध्ये एकट्या पंजाब सीमेवर बीएसएफने अडीचशेहून जास्त ड्रोन पकडले. एवढं उघड युद्ध चालू असताना झडती नको, उंच पिकांवर बंदी नको, असं म्हणून कसं चालेल? शेतकऱ्याला त्रास होतो हे मान्य. पण टोळ्यांना आतून मदत करणारे लोकही त्याच गावांतले असतात, हेही लिहायला हवं. पाकीट उचलायला पलीकडचा माणूस येत नाही.

माळरान

रणशिंग, पाकीट उचलणारा गावातला असतो, खरं आहे. बहुतेक वेळा तो वीस-बावीस वर्षांचा, स्वतः व्यसनात अडकलेला आणि एका फेरीच्या पैशांवर किंवा दोन दिवसांच्या डोसवर कामाला लावलेला मुलगा असतो. त्याला पकडा, पण त्याच्या वर कोण आहे तिथपर्यंत तपास किती वेळा जातो ते पाहा. आणि झडती नको असं मी म्हटलेलं नाही. फाटकाच्या वेळा वाढवा, महिला जवान नेमा, भरपाई हंगामाआधी द्या, कुंपण जिथे विनाकारण आत आहे तिथे ते पुढे सरकवा. यातल्या कुठल्याही गोष्टीने ड्रोनला मदत होत नाही.

विधिज्ञ

सत्र न्यायालयात एनडीपीएसची प्रकरणं चालवतो, दोन्ही बाजूंनी चालवली आहेत. ‘ग्रॅम मोजतो’ हे माळरान यांनी लिहिलंय, त्याबद्दल थोडं तपशिलात.

हा कायदा १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणाशी बांधली गेली: अल्प, मधलं आणि व्यापारी. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमच्या वर व्यापारी. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. अफूसाठी २५ ग्रॅम आणि अडीच किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण असेल तर किमान दहा वर्षं, कमाल वीस, वर किमान एक लाख दंड. कागदावर हे न्याय्य वाटतं, मोठ्याला मोठी शिक्षा.

पण २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. आधी शुद्ध अंश पाहिला जायचा. रस्त्यावर पोचेपर्यंत हेरॉइनमध्ये पावडरी मिसळलेल्या असतात. त्यामुळे साखळीच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे भेसळ सर्वात जास्त, तिथल्या माणसाचं वजन फुगतं. शुद्ध माल बाळगणाऱ्या वरच्या माणसाला हा निकाल अजिबात जाचत नाही.

व्यापारी प्रमाण लागलं की कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री झाली तरच जामीन. खटला उभाही राहिलेला नसताना निर्दोष असल्याची खात्री कशी पटवायची? शिवाय आरोपपत्राला इथे १८० दिवस मिळतात आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर ते वर्षापर्यंत वाढतात. २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो. त्याचा उपयोग होतोय, पण उच्च न्यायालयापर्यंत जायची ऐपत असलेल्यांना.

झडतीबद्दल गावात कुणालाच माहीत नसणारी एक गोष्ट. कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी ‘तुम्हाला दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे’ हे सांगणं बंधनकारक आहे. १९९९ च्या बलदेव सिंग प्रकरणात घटनापीठाने हे स्पष्ट केलं. प्रत्यक्षात एक छापील कागद पुढे सरकवतात आणि माणूस सही करतो. हा हक्क फक्त अंगझडतीला आहे, पिशवीला किंवा गाडीला नाही, तेही लक्षात ठेवा. आणि २०२० च्या तूफान सिंग निकालानंतर एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग), डीआरआयसारख्या यंत्रणांच्या तपास अधिकाऱ्यांपुढे दिलेला कलम ६७ चा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याआधी कित्येक माणसं केवळ अशा जबाबावर आत गेली.

रणशिंग, तुमच्या काळजीशी मी सहमत आहे. पण फिर्यादी पक्ष पंच नीट ठेवत नाही, नमुने कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढत नाही, आणि मग खरा तस्करही सुटतो. प्रक्रिया पाळली तर निरपराध वाचतो आणि दोषी अडकतो, दोन्ही एकाच वेळी.

दर्यावर्दी

मी रायगडचा, घर मच्छीमाराचं. आमच्याकडे तार नाही पण सीमा आहे, समुद्राची.

१९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली. पुढे जे खटले झाले त्यांत गावातली, माल वाहायला नेलेली माणसं होती, तशी कस्टम्स आणि पोलिसांतली माणसंही दोषी ठरली. पण आज तीस वर्षांनंतरही ‘शेखाडी’ म्हटलं की लोकांना काय आठवतं? गावाचं नाव त्या एका रात्रीशी बांधलं गेलं. तिथली आजची मुलं तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

२६/११ नंतर नियम आणखी कडक झाले. हल्लेखोरांनी वापरलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट होती, त्यामुळे संशयाची सुई मच्छीमाराकडे वळणं साहजिक होतं. ओळखपत्रं आली, बोटींना रंगसंगती ठरवून दिली, जाताना-येताना नोंद सुरू झाली, सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, सागरी सुरक्षा दलात आमचीच तरुण मुलं घेतली. हे चांगलं झालं असं मी मनापासून म्हणतो. समुद्रात अनोळखी बोट कोणती हे आमच्याइतकं कुणाला कळत नाही.

पण ऑगस्ट २०२३ मधलं सांगतो. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून यायला लागली. दापोलीकडे कर्दे, लाडघर, केळशी, इकडे श्रीवर्धन-हरिहरेश्वर. कस्टम्स, पोलीस सगळे किनारे धुंडाळत होते. गावात काय चर्चा होती? पाकीट दिसलं तर सांगायचं की तोंड फिरवून निघून जायचं? सांगितलं तर पंच म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या, आणि ‘तुलाच कसं सापडलं’ हा प्रश्न. नाही सांगितलं आणि कुण्या पोराने फोडून पाहिलं तर त्याचं आयुष्य गेलं. ज्यांनी कळवलं त्यांचं मी कौतुक करतो, कारण त्या भीतीवर मात करून त्यांनी ते केलं.

आणखी एक, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमारेषेपाशी पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते आणि ही मुलं कराचीच्या तुरुंगात पडतात. पाण्यावर रेघ मारलेली नसते. तांडेल (बोटीचा प्रमुख) सांगेल तिकडे खलाशी जातो. त्याच्या बायकोला तिकडे काय चाललंय ते महिनोन्महिने कळत नाही. सुटकेची यादी दोन देशांमधल्या संबंधांवर हलते. शिक्षा पुरी झालेली माणसंही अडकून पडतात.

ओवी_स

दर्यावर्दी, हे वाचून गलबलून आलं. पालघरच्या खलाशांवर स्वतंत्र धागा काढा, कृपया.

ईशान्यवारी

रस्त्यांच्या कामानिमित्त मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात राहिलेय. पंजाबचं चित्र डोक्यात ठेवून तिकडे पाहिलं तर काहीच कळणार नाही.

म्यानमारची सीमा १,६४३ कि.मी. आहे आणि बहुतेक भागात कुंपण नाही. झोखावथर हे गाव तिआऊ नदीच्या अलीकडे, पलीकडे म्यानमारमधलं रिखावदर. दोन्हीकडे नाती एकच, चर्च एकच, भाषा जवळजवळ एकच. मिझो आणि पलीकडचे चिन जमातीचे लोक स्वतःला एकाच झो कुळातले मानतात. नागालँडच्या मोन जिल्ह्यात लोंगवा गाव आहे, तिथे प्रमुखाच्या म्हणजे आंगच्या घरातूनच सीमारेषा जाते. या लोकांसाठी मुक्त संचार व्यवस्था होती, २००४ पासून १६ कि.मी.पर्यंत व्हिसाशिवाय जाता यायचं. पलीकडची बाई अलीकडच्या दवाखान्यात बाळंतपणाला यायची, शाळेला मुलं यायची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही व्यवस्था गुंडाळण्याची घोषणा केली, कारणांमध्ये सुरक्षा आणि अमली पदार्थ दोन्ही होते. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधात ठराव केले. नंतर वर्षाअखेर नवे नियम आले: अंतर १० कि.मी., ठरलेल्या ठिकाणांवरूनच ये-जा, आणि आसाम रायफल्सकडून पास.

कारण खोटं नव्हतं. याबा (मेथॲम्फेटामिनच्या) गोळ्या आणि हेरॉइन याच वाटेने येतात, २०२१ च्या लष्करी उठावानंतर तर पलीकडे कायदाच उरलेला नाही. मिझोराममध्ये प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वात जास्त आहे, अडीच टक्क्यांच्या वर, आणि सुईने नशा हे त्याचं एक मोठं कारण. ही किंमत तिथली कुटुंबं मोजतात. म्हणूनच तिकडची यंग मिझो असोसिएशन, चर्च हे लोक स्वतः अमली पदार्थांविरुद्ध गस्त घालतात.

माझं म्हणणं असं की हेच लोक तुमचे सर्वात खात्रीचे साथीदार आहेत. उठावानंतर तीस हजारांहून जास्त म्यानमारी निर्वासित मिझोरामने ठेवून घेतले, लोकांनी घरातलं धान्य दिलं. अशा समाजाला ‘तुमच्या मावशीला भेटायला आता पास लागेल’ हे सांगताना आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. आणि भारतातून पलीकडे जाणाऱ्या सुडोएफेड्रिनचं काय? नशेच्या गोळ्या बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यांना लागणारा हा कच्चा माल आपल्याच औषध उद्योगातून गळतो. त्यावर कुंपण कुठे घालायचं?

जुना_जवान

निमलष्करी दलातून निवृत्त. पश्चिम आणि पूर्व दोन्ही सीमांवर काम केलंय. दोन गोष्टी, कारण इथे जवान फक्त फाटकावर दिसतोय.

फाटकावरचा जवान शेतकऱ्याचा शत्रू नसतो. उन्हात तोही तेवढाच उभा असतो. त्याला आदेश असतो आणि त्याच्या पाळीत एक पाकीट निसटलं तर चौकशी त्याची होते. त्यामुळे तो संशयाच्या बाजूने चुकतो. दुसरं, पकडलेला माणूस आणि माल आम्ही पोलिसांच्या किंवा एनसीबीच्या ताब्यात देतो, तपास आमचा नसतो. पुढे खटला उभा राहतो तेव्हा पकडणारा जवान देशाच्या दुसऱ्या टोकाला असतो. साक्षीला यायला रजा, प्रवास, जुने तपशील. इथेच बरीच प्रकरणं ढिली पडतात.

५० कि.मी.बद्दल माझं मत स्पष्ट आहे. अधिकार वाढले पण माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. सीमेवरून माणूस काढून आतल्या गावात छाप्याला पाठवला तर सीमा उघडी पडते. आणि आतल्या गावात आमची ओळख नसते. सीमेलगतच्या गावात सरपंच, गुरुद्वाऱ्याचे भाई, शाळेचे मास्तर आम्हाला नावाने ओळखतात. माझ्या नोकरीत मिळालेल्या पक्क्या खबरी अशा ओळखीतून आल्या. रात्री ड्रोनचा आवाज ऐकला की पहिला फोन गावकरीच करतो. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी तपासनाक्यावर कुणी अपमानित केलं तर तो पुन्हा फोन करत नाही. आम्हाला प्रशिक्षणात शस्त्र शिकवतात, नकाशा शिकवतात. माणसाशी कसं बोलायचं हे वरिष्ठ चांगला असेल तर शिकायला मिळतं, नाहीतर नाही.

रणशिंग

जुना_जवान, सलाम. तुम्ही लिहिलंत म्हणून विचारतो, उंच पिकांवरची बंदी तुमच्या मते गरजेची आहे का?

जुना_जवान

तारेपलीकडे, हो. उसात माणूस दिसत नाही, उपकरणांनीही नीट दिसत नाही. पण मग त्या शेतकऱ्याचं जे उत्पन्न बुडतं ते देशाने भरून द्यावं. एकरी दहा हजारांत ते भरून येत नाही, हे मला शेतीतलं फार कळत नसूनही दिसतं.

समिधा_क

व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, महाराष्ट्रातच. या चर्चेत रुग्ण अजून आलाच नाही, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत ओपिऑइड (अफू, हेरॉइन आणि त्या जातीची औषधं) घेणारे सुमारे २.२६ कोटी लोक निघाले. यातले सगळे तुरुंगात घालता येणार नाहीत आणि घालून बरेही होणार नाहीत. एनडीपीएस कायद्यातच कलम ६४अ आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. हे कलम वापरलेलं मला फार क्वचित दिसतं. अटकेच्या वेळी त्या मुलाला कुणी सांगत नाही, घरच्यांना माहीत नसतं, आणि अनेक तालुक्यांत जवळपास तसं केंद्रच नसतं.

पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्झोन द्यायला सुरुवात केली. हे औषध ओढ आटोक्यात ठेवतं, माणूस कामावर जाऊ शकतो. त्याच्यातही गैरप्रकार होतात, पण या औषधावर उभे राहिलेले संसार खरे आहेत.

धडक कारवाई झाली की आमच्याकडे काय येतं तेही सांगते. माल तुटतो, भाव चढतो. जे ओढत होते ते सुईवर जातात, कारण तेवढ्याच मालात परिणाम जास्त होतो. सुया वाटून घेतल्या जातात. भेसळ वाढते. काही दिवस बंद असलेला माणूस जुन्याच प्रमाणात पुन्हा घेतो आणि दगावतो. म्हणून छाप्यांच्या मोहिमेची तारीख ठरते तेव्हा त्या जिल्ह्यातल्या उपचार केंद्राला आधी कळवा, खाटा आणि औषध वाढवा. एवढं केलं तरी काही मुलं वाचतील. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. कुणाच्या घरात गरज असेल तर लाज न बाळगता फोन करा.

शिरपूरकर

आमची सीमा राज्याची, पण गोष्ट तीच. धुळे जिल्ह्याचा शिरपूर तालुका, वर लगेच मध्य प्रदेश. सातपुड्याच्या कुशीत मका-कापसाच्या आडोशाने गांजा लावतात आणि पोलीस दरवर्षी उपटून जाळतात. फोटो पेपरात येतो.

फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे बियाणं आणि उचल देणारा माणूस. तो बाहेरचा असतो, पीक काढणीला आलं की येतो. पाड्यावरच्या पावरा शेतकऱ्याला मक्याच्या भावाने वर्ष निघत नाही, वनजमिनीचा दावा मंजूर नाही, म्हणून पीककर्ज नाही. गुन्हा दाखल होतो तो त्याच्यावर. लागवडीला प्रमाणाचा हिशोब नाही, झाडं किती का असेनात, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. त्याने चूक केली नाही असं मी म्हणत नाही. मी शिक्षक आहे, गांजाने पोरं वाया गेलेली वर्गात पाहतो. पण उचल देणारा सापडत नाही तोवर पुढच्या पावसाळ्यात दुसरा पाडा तयार असतो.

आणखी, कलम ४७ प्रमाणे बेकायदा लागवडीची माहिती देणं सरपंच, पंच, गावकामगार सगळ्यांचं कर्तव्य आहे, नाही दिली तर तेही शिक्षेला पात्र. पाड्यावरच्या सरपंच बाईने, जिच्या घराला कडी नाही, टोळीची खबर द्यायची आणि रात्री त्याच गावात झोपायचं. तिच्या संरक्षणाची सोय काय?

माळरान

शिरपूरकर, बँकेच्या बाजूने हे फार ओळखीचं आहे. ज्याला सरकारी कर्ज मिळत नाही त्याला उचल देणारा कायम तयार असतो. तारेपलीकडच्या जमिनीचंही तेच.

विधिज्ञ, एक विचारायचं राहिलं. पंजाबात २०२५ च्या मोहिमेत आरोपींची घरं पाडली गेली. एनडीपीएसमध्ये याला आधार आहे का?

विधिज्ञ

घर पाडायला एनडीपीएसमध्ये कुठलाही आधार नाही. प्रकरण ५अ खाली अवैध कमाईची मालमत्ता गोठवता आणि सरकारजमा करता येते, पण त्याला नोटीस, सुनावणी, सक्षम प्राधिकरणाचा आदेश अशी पद्धत आहे. पाडकाम नेहमी ‘अतिक्रमण’ म्हणून दाखवतात. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की केवळ आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, आणि किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल. सार्वजनिक रस्ता वगैरेंवरचं अतिक्रमण त्यातून वगळलंय, आणि पळवाट तिथेच आहे. घरात आरोपीची आई आणि लहान भावंडंही राहत असतात. त्यांचा काय गुन्हा होता?

नवी_सदस्या

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या दिराचा ट्रक भाड्याने गेला होता, ड्रायव्हरने वाटेत बसवलेल्या माणसाकडे माल सापडला. दिरावर गुन्हा नाही पण ट्रक ठाण्यात उभा आहे आणि बँकेचे हप्ते चालू आहेत. निकाल लागेपर्यंत गाडी मिळतच नाही असं सांगतात. खरं आहे का?

विधिज्ञ

नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात नेमकं हेच हाताळलंय. तिथेही ट्रक होता, माल दुसऱ्याकडे सापडला होता आणि मालक आरोपी नव्हता. न्यायालय म्हणालं की खटला चालू असताना वाहन तात्पुरतं परत देण्यावर एनडीपीएसमध्ये सरसकट बंदी नाही. विशेष न्यायालयात अर्ज करा. आरसी, विमा, कर्जाचे कागद, भाडेकराराचा किंवा बिल्टीचा पुरावा जोडा. गाडी विकणार नाही आणि बोलावल्यावर हजर करीन असा बाँड द्यावा लागेल. कलम ६० खाली जप्तीच्या वेळी मालकाला आपल्याला माहिती नव्हती आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं, त्यामुळे ड्रायव्हरला दिलेल्या लेखी सूचना असतील तर त्याही शोधून ठेवा. स्थानिक वकिलाला हा निकाल दाखवा.

नवी_सदस्या

खूप आभार. आजच फोन करते त्यांना.

दर्यावर्दी

विधिज्ञ साहेब, असंच थोडक्यात किनाऱ्यासाठी सांगाल का? पाकीट सापडलं तर नेमकं काय करायचं? पावसाळा आला की हा प्रश्न परत येणार आहे.

विधिज्ञ

हात लावू नका, उघडू नका, घरी किंवा बोटीत ठेवू नका. जागेवरूनच कळवा. सागरी पोलिसांसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४, अमली पदार्थांबद्दल एनसीबीची ‘मानस’ हेल्पलाइन १९३३. शेवटच्या ठिकाणी नाव न सांगताही माहिती देता येते. एकट्याने थांबू नका, मच्छीमार सोसायटीच्या दोन-तीन जणांना बोलवा. लांबून फोटो काढा, फोनवर वेळ आपोआप नोंदली जाते. कॉल केल्याची नोंद पुसू नका, तुम्ही स्वतःहून कळवलंत याचा तोच पुरावा. यंत्रणा आली की जप्तीचं चित्रीकरण होतंय का ते पाहा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ प्रमाणे ते बंधनकारक आहे. पंच म्हणून सही करायच्या आधी पंचनामा पूर्ण वाचा आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.

दर्यावर्दी

हे मोठ्या अक्षरांत छापून आमच्या सोसायटीच्या कार्यालयात आणि जेटीवर लावतो. ठाण्यातल्या साहेबांनाही सभेला बोलावतोय, कळवणाऱ्याला त्रास होणार नाही हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं म्हणून. मजकूर तयार झाला की इथेच टाकतो, एकदा तपासून द्या.

जुना_जवान

टाका. सभेला मीही येतो, महाडला असतो.